शेवटच्या बांधीपर्यंत

खुशालने फोन तिसऱ्यांदा बंद करून चालू केला आणि रीनाने तिसऱ्यांदा पदराला तळहात पुसले.

"फाइल मॅनेजर उघडून राहिलं, वैनी, पण रेकॉर्डिंगचं फोल्डर खालीच दाखवते, अंदर काहीच नाही," तो म्हणाला. "कधीपासून?"

"कालपासून." मग त्याने न विचारताच तिने सांगून टाकलं, की मेमरी भरली म्हणून सारखं येत होतं, म्हणून 'साफ करा' दाबलं, तर फोटो, गाणी, सगळंच गेलं. "परत नाही येत ना आता?"

"आशा नका सोडू," खुशाल म्हणाला.

कोंढ्याच्या बसस्टॉपजवळचं खुशालचं दुकान म्हणजे एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि गिऱ्हाइकासाठी एक बाकडं. बाकड्यावर रीनाची सासू कुंताबाई मांडीवर थैली घेऊन बसली होती. फोन तिचाच. सकाळी रीनाने 'मी एकटी जाऊन येतो' असं दोनदा म्हणून पाहिलं होतं, पण कुंताबाईने चपला घातल्या त्या घातल्याच.

गेलेल्यातली एकच गोष्ट मोलाची होती, सासऱ्यांची, रीनाच्या मामाजींची रेकॉर्डिंग. घनश्याम गावच्या तलावाचं पाणी वाटायचे. धानाच्या कोणत्या खाचराला, म्हणजे बांधीला आधी, कोणत्या बांधीला मागून, हा सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात. लिहिता येत नव्हतं. म्हणून मागच्या आश्विनात एका दुपारी कुंताबाईने फोनचं बटण दाबून तो त्यांच्यासमोर ठेवला, 'बोला आता सगळं' म्हणाली आणि स्वतः बाजाराला निघून गेली. तलावातून निघणाऱ्या नहराच्या, कालव्याच्या तोंडापासून सुरुवात करून त्यांनी एकेक बांधी नावानिशी सांगितली. फोन नंतर बंद कोणी केला, ते कुणालाच आठवत नाही. आठवायला वेळ कुठे मिळाला? त्याच संध्याकाळी ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेव्हापासून पाण्यावरून दोघांची जुंपली की माणसं कुंताबाईच्या ओसरीवर यायची. ती फोन लावायची, गेलेला माणूस निवाडा द्यायचा आणि भांडणारे चहा पिऊन घरी जायचे. सगळ्यात शेवटी राजकुमारच्या बांधीचं नाव यायचं. ते आलं, की कुंताबाईचा अंगठा न चुकता फोनवर पडायचा. रेकॉर्डिंग त्यापुढेही होती. कुणी विचारलंच, तर म्हणायची, पुढं नुसता खोकला आहे.

उद्या वर्षश्राद्ध. नणंद गुड्डी जवाहरनगरच्या क्वार्टरमधून येणार होती आणि रेकॉर्डिंग आपल्या फोनमध्ये घेऊन जाणार होती. अख्खी. बाबाचा खोकलासुद्धा पाहिजे, असं तिने परवा फोनवर बजावलं होतं. आणि काल नेमकं हे असं झालं.

खुशालने ॲपची कॅशे पुसली. फोल्डर रिकामं. परवानगी काढली, पुन्हा दिली. रिकामं. लपलेल्या फाइली दाखवायचं बटण शोधून चालू केलं. तरी रिकामं. दर वेळी तो मान हलवायचा आणि दर वेळी रीना अडवून धरलेला श्वास सोडायची. कुंताबाई फोनकडे पाहतच नव्हती. ती सुनेकडे पाहत होती.

"राहू द्या ना भाऊ," रीना म्हणाली. "माझीच चूक हाय. मी सांगतो गुड्डीताईले."

"अजून रिसायकल बिन कुठं पाह्यलं? मिटवलेलं तिथं महिनाभर पडून राह्यते, वैनी."

हे रीनाला माहीत नव्हतं.

"हे पाहा. हाय." खुशालने फोन जवळ धरला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण तुम्ही तं म्हणता सगळंच गेलं. इथं ही एकच फाइल हाय."

रीना पुन्हा पदराला तळहात पुसू लागली.

त्याने फाइल परत आणली आणि लावून पाहिली. दुकानात घनश्याम बोलू लागले, सावकाश, जरा नाकातून. रीनाने बाकड्याची कड घट्ट धरली. नहर झाला, मधल्या बांध्या झाल्या. "...आन् शेवटी राजकुमारची बांधी." कुंताबाईचा अंगठा पडला.

"खुशाल, इथून पुढचं काटता येते का रे?"

"येते. पण कायले, काकू? काय हाय पुढं?"

"खोकला. गुड्डी रडंल आयकून."

कापायच्या आधी तिने फोन मागून घेतला, आवाज बारीक करायला लावला आणि कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकलं. तोंडावरची सुरकुती हलली नाही. मग फोन परत दिला. खुशालने कापलं, नवी फाइल केली आणि विचारलं, की जुनी अख्खी आहे ती राहू द्यायची का? कुंताबाई म्हणाली, मिटव. बिनमधूनसुद्धा.

बाहेर ऊन चढलं होतं. रीना दोन पावलं मागून चालत होती. वडाजवळ आल्यावर तिने तोंड उघडलं, "आई, ते काल मी..." आणि पुढचं तिला जमेना.

कुंताबाई थांबली. थैली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"'रीना बेटा, छातीत दुखून राह्यलं,' म्हणतेत ते. मंग तू म्हणते, 'थांबा जरा मामाजी, रोजचंच हाय तुमचं.' वर्षभर रोज आयकलं मी," ती म्हणाली. "तीस वर्षं मी त्यायले हेच म्हणत आली, बाई. त्या रोजी फक्त पाळी तुझी होती."