चालेल

“सकाळी सहाची पाळी. चालेल ना?”

कारखान्याच्या साहेबांनी विचारलं आणि उत्तर तिच्या जिभेवर आलंसुद्धा. तिने ते कसंबसं दातांमागे अडवलं.

‘चालेल’ हा शब्द तिच्या अंगवळणीच पडला होता. मोफत धान्याच्या केंद्रात रांग सरकत खिडकीशी आली की आतून विचारायचे, तांदूळ संपलाय, पीठ देऊ? चालेल. जरा जुनं आहे हं. चालेल. त्यापेक्षा उद्या येता का? तेही चालेल. नवरा घर सोडून गेल्यापासून तिने आवडनिवड गुंडाळून माळ्यावर टाकली होती. कडेवर झोपलेली लेक, मुनी, असली की माणूस वाद घालत नाही.

त्याच केंद्राने मग शिकवणीचा वर्ग काढला. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात बायकांना काम मिळावं म्हणून. हातमोजे कसे चढवायचे, झाकणाची कड बोटाने कशी चाचपायची, सगळं शिकवलं. पण शिकवणाऱ्या बाईंचा खरा राग त्या एका शब्दावर. कोणी ‘चालेल’ म्हटलं की त्या टेबलावर पट्टी आपटायच्या. मागच्या बाकावरच्या मावशी एकदा म्हणाल्या, अहो बाई, याच शब्दावर माझा संसार टिकलाय. वर्ग हसला, बाईही हसल्या. मग म्हणाल्या, संसार टिकला हो, पण तुम्ही टिकलात का?

बोलायला ठीक आहे. आज निघताना आईने फोनवर बजावलं होतं, मिळेल ते पदरात पाडून घे. गरजवंताला अक्कल नसते.

पण पाळणाघराचं दार सातला उघडतं. त्याआधी मुनीला ठेवायचं कुठे? याआधीच्या नोकऱ्या अशाच गेल्या होत्या. आधी हो म्हणायचं, शेजारणीच्या हातापाया पडून चार दिवस ढकलायचे, शेजारीण कंटाळली की पुन्हा खिडकीसमोर रांगेत.

“नाही,” ती म्हणाली. आवाज चिरकला. “सहा नाही जमणार मला. आठपासून पुढे सांगाल ते करेन.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पॅकिंगला आठची पाळीच नसते, म्हणाले. तिने पर्स उचलली. हातातोंडाशी आलेला घास आपणच लोटला, आता आईला काय सांगायचं?

“बसा हो. आठला एक जागा आहे, माल तपासायची. खराब डबा दिसला की लाल बटण दाबून सगळा बेल्ट थांबवायचा. आधीच्या दोघांना खराब डबे दिसायचे, पण सुपरवायझरने डोळे वटारले की त्यांचा हात उठायचा नाही. तुम्ही मला तोंडावर नाही म्हणालात. त्याला म्हणाल?”

तिने पर्स पुन्हा मांडीवर ठेवली. “पोर पाळणाघरात सुखरूप असेल, तर कोणालाही म्हणेन.”

पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, एक डबा आला. कड किंचित उचललेली. दारात ट्रक उभा, माल चढवायची घाई. अहो जाऊ द्या, एवढंसं काय बघत बसता, सुपरवायझर लांबूनच ओरडला. तिने कड पुन्हा एकदा बोटाने चाचपली. मग त्याच हाताने बटण दाबलं.

बेल्ट कुरकुरत थांबला. अख्ख्या लाइनीच्या माना तिच्याकडे वळल्या. एवढा मोठा कारखाना इतका शांत होऊ शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

सुपरवायझर तणतणत आला. डबा उचलून त्याने अंगठ्याने दाबला, तशी कडेतून पाण्याची धार लागली. मागचा डबाही तसाच. त्याच्या मागचाही. ते सगळे डबे त्याने बाजूला काढले, झाकण बसवणाऱ्या यंत्राचा सैल झालेला भाग आवळला आणि हात पुसत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मॅडम,” त्याने हळूच विचारलं, “करू का सुरू?”