कच्चे टाके

रक्षाबाईनं अंगावरची शाल उतरवली तशी अंगणातल्या बायका "अगं बाई!" करत जॅकेटकडे पाहू लागल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सानगडीत सकाळपासून हाडं गोठवणारी थंडी, आणि धानाच्या व्यापाऱ्याची ही बायको सगळ्यांना थंडीची फॅशन शिकवायला बसलेली. "सकाळी शाल, मंग जॅकेट, आन् ऊन चढलं का नुसतं ब्लाऊज. असं एकावर एक घालावं लागते. तुमी तर नवऱ्याचं स्वेटर लुगड्यावर चढवून येता!"

बायका हसल्या. शिवणकाम करणारी दुर्गाही हसली. जॅकेट तिनंच शिवलं होतं, आतलं मखमली ब्लाऊजही तिनंच. फक्त ब्लाऊजच्या बगलांवर मशीन फिरवलीच नव्हती. तिथं हातानं घातलेले कच्चे टाके होते. वर्षभर डूख धरून बसली होती दुर्गा. गेल्या संक्रांतीला याच अंगणातून रक्षाबाईनं दुर्गाच्या मायला, बायाबाईला, दंड धरून उठवलं होतं. विधवा बाई कुंकवाला कशाला आली, म्हणे! आज दुर्गानं मायला हट्टानं आणलं होतं, पण बायाबाई फाटकाबाहेरच्या ओट्यावरच बसून राहिली. आत यायला तिचा पाय उचलत नव्हता.

अकरा वाजता ऊन चटकू लागलं.

"काढा ना जी जॅकेट! ब्लाऊज पाहू द्या!"

रक्षाबाईनं तोऱ्यात बाही ओढली आणि बगलेत टर्रकन झालं. तिनं जॅकेट गपकन पुन्हा अंगावर घेतलं. डोळ्यांनीच तिनं दुर्गाला आतल्या खोलीत बोलावलं.

"लवकर टाका घाल वं. इज्जत जाऊन राहिली माही."

दुर्गानं सावकाश सुई ओवली. "घालून देईन ना. पयले बाहेर जाऊन माह्या मायले कुंकू लावा."

"पागल झाली का? विधवेले?"

"मंग काढा जॅकेट."

रक्षाबाईनं जॅकेटखाली हात घालून उसवलेली बगल चाचपली. "तूनंच केलं हे!"

"हो, मीनंच केलं. एकेक टाका तुमचं नाव घेऊन घातला."

बाहेरून बायका हाका मारत होत्या. घामानं निथळत, जॅकेट गळ्यापर्यंत आवळून, रक्षाबाई कुंकवाचं ताट घेऊन फाटकापाशी गेली. मागं साऱ्या जणी माना लांब करून उभ्या. बायाबाई गडबडून उठू लागली, तर दुर्गानं तिचा खांदा दाबला.

"बसूनच राय, माय. त्या वाकतीन."

ओटा चांगलाच ठेंगणा होता. रक्षाबाई वाकली, आणि दुसरी बगलही टर्रकन गेली. या खेपेला सगळ्यांनी ऐकलं.

"काय फाटलं वं, दुर्गे?" बायाबाईनं घाबरून विचारलं.

"काही नाही, माय. कुंकू लावून घे."