दहा वर्षं चालणारं

शाळेत वीस वर्षं लिनक्स शिकवलेले सुकुमारन मास्तर दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आले, "सगळं ठीक आहे" म्हणाले आणि नव्याने आणलेल्या, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या कॉम्प्युटरला चिकटले. मुलींचे फोटो, बायकोची, विलासिनीची गाणी, सगळं घरच्या घरी त्यात ठेवायचं होतं. पण तो चालवायला त्यावर शेकडो लिनक्सांपैकी कुठलं घालायचं, हे आठ दिवस ठरेना. एक घालायचे, त्याला शिव्या द्यायचे, पुसायचे, की लगेच दुसरं.

तिसऱ्यांदा नाश्त्याचा पुट्टू गार झाला तेव्हा विलासिनी भडकली. "माषे," मल्याळीत 'मास्तर' अशी हाक मारत ती म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा पाच मिनिटांत हो म्हणालात. आणि ह्या डबीला आठ दिवस?"

"तेव्हा घाई केली, म्हणून आता जपून!"

"मग ते नवं, चकचकीत घाला की."

"नव्याला दर सहा महिन्यांनी कुणाला तरी हात लावावा लागतो. हे जुनाट आहे, पण दहा वर्षं आपलं आपण चालेल."

"मग तुम्ही काय माशा मारणार, माषे?"

मास्तरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "पासवर्ड टाक. तुझ्या लक्षात राहील असा."

विलासिनीने पदराला हात पुसले. मालकाच्या रकान्यात फक्त तिचंच नाव होतं.