यारोचा वाफा

गेल्या उन्हाळ्यात एक मधमाशी चावली आणि चार वर्षांच्या शुभदाचा गळा सुजून श्वासच अडकला. तेव्हापासून नुसती गुणगुण ऐकली तरी तिची आई शशिकला दारं-खिडक्या लावून घ्यायची. आणि दिगंबर! चंदीगडच्या युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकवणारा तिचा नवरा. भोपळ्याला फळ धरेना, मधमाश्या यायला हव्यात, म्हणून त्याने मागच्या अंगणात मुद्दाम यारो नावाची फुलझाडं लावली. पिसांसारखी बारीक हिरवी पानं, पांढरी फुलं, आणि दिवसभर घोंघावणाऱ्या माश्या.

आज तो कामाला गेल्यावर तिने अख्ख्या वाफ्यावर गुलाबांवर मारायचं कीटकनाशक फवारलं, साबणाने हात धुतले आणि ती बाजारात गेली. परतली तेव्हा अंगण गप्प होतं. किती तरी दिवसांनी तिने मागचं दार उघडं ठेवलं.

स्टोव्हवर लसणाची फोडणी बसल्याचा वास घरभर होता. कालच बार्शीहून आलेल्या सासूबाई हसत म्हणाल्या, "इकडं शेपू मिळत नाही म्हणून पत्रात रडत होतीस, आणि मागं अख्खा वाफा लावलायस की गं! त्यातलाच खुडून भाजी केली बघ."


शुभदाने रिकामी ताटली उचलून दाखवली. "आई, देखो, मैंने पूरी सब्ज़ी खा ली!"