पाव फेरा

“आई, तुमच्या चिरंजीवांना सांगा, इंजिन तापलंय.”

चिरंजीव हातभर अंतरावर, मोटारसायकलच्या कुशीत उकिडवे बसले होते. एका हातात पेचकस. गळ्यात मापाची टेप, कारण धंदा शिंप्याचा. गाड्यांचा नुसता नाद.

आईंनी निरोप पोचवला. “तापलंय म्हणते.”

“तिला म्हणावं, अॅक्सिलरेटर धरून ठेव. सोडला की बंद पडते.”

“ते तिला कालच कळलंय,” आई म्हणाल्या. हा निरोप नव्हता. स्वतःच्या पदरचं होतं.

शिंप्यानं पेचकस शर्टाला पुसला. आई थांबल्या नाहीत.

“चांगली चालती गाडी. कुणी सांगितलं होतं पिळायला?”

“हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवला गं फक्त. हवा थोडी जास्त, पेट्रोल थोडं कमी. अॅव्हरेज वाढलं असतं.”

“वाढलं ना. भर चौकात, ट्रकच्या पुढ्यात.”

काल तिनं चौकात वेग कमी केला आणि इंजिन मेलं. मागे ट्रक. त्याचा ब्रेक लागला म्हणून वाचली. लॅबसाठी गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांची पेटी मागे बांधलेली, तशीच ती गाडी ढकलत घरी आली. गाडी भिंतीला लावली. पेटीतल्या बाटल्या तपासल्या. जेवली. तेव्हापासून नवऱ्याशी एक अक्षर नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं आधी दुसऱ्या स्क्रूनं इंजिनाचा वेग चढवला. अंगण थरथरलं. खिडकीची काच वाजायला लागली.

“आई, त्याला सांगा—”

“काय?”

“सांगा की—”

“तुमचं तुम्ही बघा!” आईंनी कानांवर हात ठेवले. “मला अजून चार वर्षं ऐकायचंय.” आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मध्ये आता कुणी नव्हतं.

तिनं अॅक्सिलरेटर सोडला. त्यानं हवेचा स्क्रू फिरवायला घेतला. हळूच. आवाज चढतो. थांब. अजून हळूच. अजून चढतो. एक जागा येते, तिथं इंजिन सगळ्यात मोकळं बोलतं. तिथंच थांबायचं असतं. त्याच्यापुढे लोभ.

तो पुढे गेला. केसभर.

“मागे,” ती म्हणाली.

त्यानं मागे घेतला.

“अजून.”

घेतला.

“बास.”

तीन शब्द. पण ते स्क्रूला होते. त्याला नव्हते.

वेग पुन्हा खाली आणला. गाडी शांतपणे, एका चालीत टकटकत राहिली. शिंपी गुडघ्यावर हात ठेवून उठला. “मी फेरी मारून ब—”

ती बसली होती. गेलीसुद्धा.

तो फाटकात उभा राहिला. दिसत काही नव्हतं, गल्ली पुढे वळते. ऐकू मात्र सगळं येत होतं. पहिला गिअर. दुसरा. पत्र्याच्या दुकानापाशी आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झाला. मग तिसरा. मग वेग उतरला. चौक.

टक टक टक टक.

चालू होती. त्यानं ठोके मोजले. अजून चालू होती.

मग ट्रकचा हॉर्न. लांबलचक.

हॉर्न संपला. त्याच्याखाली टकटक नव्हती.

शिंपी पळाला. एक चप्पल फाटकाशीच राहिली. टेप खांद्यावरून निसटून मागे फरफटली. पत्र्याच्या दुकानदारानं “अहो, काय झालं?” विचारलं, ते त्याला पुढच्या वळणावर समजलं. तो पळतच राहिला.

चौक.

ट्रक निघून चालला होता. निवांत, धूर सोडत. रस्त्याच्या कडेला गाडी स्टँडवर उभी. तिच्यामागून फक्त बायकोचं डोकं दिसत होतं. ती खाली बसली होती.

“बंद पडली?” त्याचा आवाज फाटला.

तिनं वर पाहिलं. घामानं निथळणारा, एका पायात चप्पल असलेला नवरा.

“पडली नाही. केली.”

“काय?”

“बंद. किल्लीनं. बराच वेळ सोडून ठेवली होती नुसती. हलली नाही जागची चाल. मग म्हटलं, रंग बघावा.”

तिच्या बाजूला पाना पडला होता. हातात दुमडलेला रुमाल, रुमालात इंजिनातून काढलेला प्लग, अजून तापलेला. आवाजावर विसंबायचं नाही, प्लग काढून त्याचं टोक बघायचं, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. टोक पांढरं म्हणजे इंजिन उपाशी. काळं म्हणजे अजीर्ण.

“तो हॉर्न?”

“सायकलवाल्याला मारला त्यानं. माझं काय त्यात?”

 शिंपी तिच्यासमोर, धुळीतच बसला. 

तिनं रुमाल पुढे केला. टोक ना पांढरं, ना काळं; भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं होतं. सगळीकडून सारखं.

त्याचा हात पुढे आला. तिनं रुमाल झटकन मागे घेतला.

“हात नाही लावायचा,” ती म्हणाली. त्याला म्हणाली. “नुसतं बघायचं.”

त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मान लांब करून बघत राहिला.