बाकीचे सूर

मिरजेच्या दवाखान्यात हौसा वारल्याचं गावात कळलं, त्याच दिवशी प्रणिताचं नवं गाणं आलं. प्रणिता गाणी रचायची आणि गायची, निवृत्ती तिच्यामागे ढोलकी वाजवायचा आणि त्याची बायको हौसा तुणतुणं. नव्या गाण्यात दोन्ही नव्हती, नुसता सिंथेसायझर होता. पोरं त्यावर नाचली, म्हातारी माणसं थुंकली.

तेराव्याला प्रणिता आली तेव्हा निवृत्ती भरल्या मांडवात म्हणाला, “या गायिकाबाई! डबड्यात डास कोंडलेत आणि त्याला गाणं म्हणता? तुणतुण्याची लाज वाटायला लागली होती, तर हौसा जिवंत असताना तिच्या तोंडावर सांगायचं होतं.”

“काका, तो सिंथेसायझर काकूंनीच वाजवलाय.”

“थापा मारू नकोस.”

“आजारी पडायच्या आधी गुपचूप माझ्याकडे यायच्या. म्हणाल्या, लग्न झाल्यावर ह्यांनी हातात तुणतुणं दिलं. एक तार, एक सूर, जन्मभर तेवढाच वाजवला. आता बाकीचे वाजवू दे. मी म्हटलं, काकांना सांगते. तर म्हणाल्या, नको गं, ते हसतील.”

तेव्हा कळलं असतं, तर निवृत्ती हसलाच असता. पण त्या दिवशी मांडवात त्याला हसू आलं नाही.

आता शेजारी ते गाणं वाजू लागलं, की तो उठून दार लावून घेतो. कोणी विचारलं, तर “डास येतात” म्हणतो. तुणतुणं खुंटीला आहे. गाणं शेवटपर्यंत ऐकायचं मात्र अजून राहिलंच आहे.