बापाचे बूट

ओजस सुतार बदली खेळाडू म्हणून बावीस मिनिटं खेळला. शेवटची शिट्टी वाजायच्या आत मैदानावरच्या यंत्रानं त्याची पुढची पंधरा वर्षं मोजून टाकली होती. चिंचबाग तालमीच्या फुटबॉल संघाचे इंगवले वस्ताद निकालाचा कागद घेऊन त्याच्या वडिलांजवळ आले.

"पोरगं झ्याक खेळलं, अंकुश. पण यंत्र म्हणतंय, उजवा पाय ओढतोय. एकविसाव्या वर्षी गुडघा जाणार. आता संघात घेता यायचं न्हाई."

अंकुशची नजर कागदावरून हलेना. उजवा पाय तर त्याचा स्वतःचा ओढायचा. तालमीची रीतच होती, सीनियर संघातली पहिली मॅच बापाच्या बुटांत खेळायची. म्हणून त्यानं जपून ठेवलेले बूट काल ओजसला दिले होते. अंकुशच्या लंगडण्यानं त्यातल्या उजव्या बुटाचा तळ एका बाजूनं पार झिजला होता.

"वस्ताद, त्ये बूट माझं हायत. परत एकदा बघा त्याला."

वस्तादांनी मान खाली घातली. "पहिल्या मॅचला यंत्राचा निकाल एकदाच लागतो. एव्हाना सगळ्या क्लबांत पोचलाय त्यो."

तेवढ्यात ओजस कपडे बदलून आला. पुसून लख्ख केलेले बूट त्यानं छातीशी धरले होते.

"पप्पा, तुमच्या बुटांनी साथ दिली बघा."

अंकुशनं बूट हातात घेतले.

"आईला सांगून येतो," म्हणत ओजस चपलांवरच गेटाकडं पळत सुटला. त्याचे दोन्ही पाय अगदी सारखे पडत होते.